मामाचं बोंडलं आणि माझं स्टूल

माझ्या दुकानात बाळासाठी दुधाची बाटली मागायला कुणी आलं की मी आधी स्टूल पुढं सरकवायची आणि म्हणायची, "बसा."

"बसायला वेळ नाही काकी, गाडी चालूच ठेवलीय बाहेर."

"मग बंद करून या."

विट्याच्या बाजारपेठेत या स्टुलाची चेष्टा व्हायची. चांगलं सागवानी, चार पायांचं, माझ्या वडिलांनी वाईहून पाठवलेलं. त्यावर गिऱ्हाईकाला बसवून मी विचारायची, बाळ किती दिवसांचं? आई कुठाय? दूध पुरत नाही हे डॉक्टरांनी सांगितलं का शेजारणीनं? शेजारणीनं सांगितलं असेल तर बाटली मिळायची नाही. सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर किती वाजता भेटतात, तेवढं मिळायचं. आमचे हे पुढच्या भागात भांड्यांचं दुकान बघायचे. त्यांना सगळं ऐकू जायचं. ते म्हणायचे, "शालन, तू दुकान चालवतीस का चावडी?"

आता गल्ल्यावर सून बसते. मी निवृत्त आहे, म्हणजे रोज दुपारी जाऊन तिच्या कामात नाक खुपसते. दिवाळी अंकासाठी तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा, असा निरोप आला तेव्हा सून हसली. म्हणाली, "आई, बाटल्यांवर काय लिहिणार?" म्हणून तर मुद्दाम लिहिते आहे.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे नंतर फुशारकी मारायला मी मोकळी. सुरुवातीला मीही चार दुकानदारांसारखीच होते. रंगीत बाटल्या यायच्या, वर ससे आणि बदकं. पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव नाही, बुडाला कसली खूण नाही. पाकीट फोडलं की भपकन वास यायचा. "नवं आहे म्हणून येतोय, दोन दिवसांत जाईल," असं मी सांगायची. मला होलसेलवाल्यानं सांगितलेलं, मी पुढं सांगायची. शहानिशा कुणी केली नव्हती.

एक दिवस सिस्टर आल्या. दवाखान्यात त्या नवीनच बदलून आल्या होत्या. अंगानं बारीक, पण आवाज असा की रांगेतला शेवटचा माणूसही सरळ उभा राहावा. त्यांनी पिशवीतून एक बाटली काढून काउंटरवर ठेवली. बाटली एका बाजूला कलली होती, आतून धुरकट झाली होती, निपल बोटाला चिकटत होतं.

"काकी, ही तुमच्याकडची."

मी ओळखली. बदक तेवढं शाबूत होतं.

"ज्या बाळाची ही, त्याला जुलाबांनी सलाईन लावलंय. आई म्हणाली, 'काकींनी रोज उकळायला सांगितलं होतं, मी उकळली.'"

खरंच मी सांगितलं होतं. त्या पोरीनं इमानदारीनं उकळली होती. उकळल्यावर तिचं काय होतं हे मला माहीत नव्हतं, कारण माझ्या दुकानातली एकही बाटली मी कधी घरात उकळून बघितली नव्हती. जुलाब बाटलीच्या मळानं झाले का आणखी कशानं, ते सिस्टरांनी ठासून सांगितलं नाही. पण मला कळायचं ते कळलं. बाळ बरं होऊन घरी जाईतोवर मला घास गोड लागला नाही. तो सगळा माल मी परत पाठवला आणि नियम केला, जे विकायचं ते आधी आपल्या चुलीवर उकळायचं. पुढं कित्येक वर्षं आमच्या घरात भाजीपेक्षा बाटल्या जास्त शिजल्या. आमचे हे एकदा पातेल्याचं झाकण काढून म्हणाले, "आज बदकाचा रस्सा का?" मी हसले नाही.

तर धंदा काय असतो, ते थोडक्यात सांगते. बाहेरच्याला वाटतं, बाटली ती बाटली. तसं नसतं. बाटली उलटी करून आधी बूड बघायचं. त्रिकोणात आकडा असतो. पाच असला तर ते प्लॅस्टिक उकळत्या पाण्याला बऱ्यापैकी टिकतं. आकडाच नसेल तर हात लावायचा नाही. मग माझी वासाची परीक्षा. बाटलीत कडक पाणी ओतायचं, झाकण लावायचं, दहा मिनिटांनी उघडून नाक लावायचं. पाण्याला वास आला तर उद्या दुधालाही येणार. मग तोंड बघायचं. तोंड रुंद हवं, ब्रश बुडापर्यंत फिरला पाहिजे. ज्या भांड्याचा कोपरा दिसत नाही, तो कोपरा घासला जात नाही, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं, पण बाटली घेताना ती सशाकडं बघते. काच सगळ्यांत निर्मळ, पण आमच्याकडच्या शहाबादी फरशीवर एकदा पडली की संपली. स्टील चांगलं, पण आत दूध किती राहिलं ते दिसत नाही. निपल चिकट झालं, फुगलं, चिरलं की त्याच दिवशी टाकायचं, "अजून चालतंय की" म्हणायचं नाही. आणि सगळ्यांत सुरक्षित काय म्हणाल, तर वाटी-चमचा. त्याला ना नळी, ना निपल, ना कोपरा. पण वाटी-चमच्यावर कोण दुकान चालवणार? मी चालवलं.

लोक नमुनेदार यायचे. एक गुरुजी खिशात लोहचुंबक घेऊन यायचे. प्रत्येक वाटीला लावून बघायचे. चिकटलं नाही की खूष. मी त्यांना सांगायची, "गुरुजी, चुंबक चिकटत नाही म्हणून स्टील चांगलंच, असं नसतं. हलकं स्टीलही चिकटत नाही." ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पुढच्या वाटीला चुंबक लावायचे.

कुंडलचा एक फौजी सुट्टीवर आला होता. स्टुलावर ताठ बसला, खिशातून छोटी वही काढली, माझं सगळं बोलणं मुद्देवार लिहून घेतलं. शेवटी म्हणाला, "काकी, लय झालं. एकदम सेफ कंची ती सांगा, दुसरी बात न्हाई."

मी म्हटलं, "अंगावरचं दूध. ते नसलं तर डॉक्टर सांगतील ते, वाटी-चमच्यानं."

"वाटी-चमचा तर घरात हाय."

"मग इथं काय करतोयस? जा घरी."

त्यानं उठून मला कडक सॅल्यूट ठोकला. बाजारपेठेनं बघितला. त्या दिवशी आमच्या ह्यांनी मला चावडी म्हटलं नाही.

अलीकडं सगळ्यावर 'केमिकल फ्री' लिहिलेलं असतं. बाटलीवर, ब्रशवर, बाळाच्या लाळेऱ्यावर. एका विक्रेत्याला मी विचारलं, "कुठलं केमिकल नाही यात?" तो म्हणाला, "कुठलंच नाही, मॅडम." मी म्हटलं, "पाणीसुद्धा केमिकलच असतं म्हणे, माझा नातू सांगतो. काय नाही ते नाव घेऊन सांग, काय आहे तेही सांग, मग माल ठेवते." तो पुन्हा आला नाही. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असा माल त्याचा.

हे सगळं झालं प्लॅस्टिकचं. प्लॅस्टिकला आता सगळेच भितात. पण माझ्या आयुष्यातली सगळ्यांत अवघड बाटली प्लॅस्टिकची नव्हतीच. ती चांदीची होती, आणि बाटली नव्हती, बोंडलं होतं. नव्या पिढीसाठी सांगते. बोंडलं म्हणजे चोचीचं इवलंसं भांडं. बाळाला दूध पाजायला पूर्वी घरोघरी असायचं. मामानं भाच्याला चांदीचं बोंडलं नाहीतर वाटी आणायची, ही आमच्याकडची रीत. आणि आमच्या भागातल्या मामांचा चांदीशी संबंध नुसता रीतीपुरता नसतो. विट्याकडची निम्मी घरं गलाईच्या धंद्यात आहेत. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करणं. आमची पोरं त्यासाठी देशभर पसरली आहेत. ज्या गावाचं नाव आपल्याला उच्चारता येत नाही, तिथं आमच्या एखाद्या वाडीतल्या माणसाची भट्टी असते. चांदी किती शुद्ध, यावर त्यांची अब्रू उभी. त्यांच्या चांदीला नाव ठेवणं म्हणजे त्यांच्या बापाला नाव ठेवणं.

कडेगाव रोडवरच्या एका वाडीतली हौसाक्का माझी जुनी ओळखीची. तिची लेक अश्विनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. लेक दिवस भरायच्या आधीच, जवळजवळ दीड महिना अगोदर, बाळंत झाली. मुलगी झाली, पण एवढीशी. काही दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना डॉक्टरांनी सांगितलं, हिला अजून अंगावर ओढायची ताकद नाही. आईचं दूध काढा आणि थोडं थोडं पाजा. वजन वाढलं तर उत्तम, कमी झालं तर लगेच परत आणा.

हे मला हौसाक्काकडूनच कळलं. ती दुकानात आली ती बाटली घ्यायला नव्हे, मिरवायला. पदराखालून मऊ फडक्यात गुंडाळलेलं बोंडलं काढून तिनं काउंटरवर ठेवलं. काय लखलखत होतं. शेजारी लावलेली माझी स्टीलची भांडी एकदम गरीब दिसायला लागली.

"माझ्या दत्तानं केलंय," ती म्हणाली. दत्ता तिचा लेक, अश्विनीचा भाऊ, दक्षिणेत गलाई करायचा. "सोताच्या हातानं. भाची झाल्याचं कळलं त्याच दिवशी. गावचा माणूस निघालाच हुता, त्याच्यासंगं धाडलं. उद्या दिवस चांगला हाय, उद्यापास्नं पोरीला ह्यातनंच पाजायचं. चोचीत घालायला बारीक ब्रश द्या एक."

मी बोंडलं हातात घेतलं. वजनदार, गुळगुळीत. आणि चोच जिथं पोटाला जोडली होती, तिथं माझं बोट अडलं.

माझे वडील वाईला तांबट होते. तांब्या-पितळेची भांडी घडवायचे. मी त्यांच्याशेजारी बसून वाढले. दोन तुकडे वितळवलेल्या धातूनं जोडायचे त्याला आमच्या घरात डाग देणं म्हणायचे. वडील सांगायचे, भांडं बघायचं नसतं, सांधा बघायचा असतो. भांडं सगळेच घासूनपुसून आणतात. या बोंडल्याचा सांधा आतून पिवळट-करडा दिसत होता आणि त्याला बारीक बारीक भोकं होती. अंग चांदीचं, पण सांधा चांदीचा नव्हता.

"आक्का, डाग कशाचा दिलाय?"

"कसला डाग? डागबिग काय न्हाई, शंभर नंबरी चांदी हाय ती."

"चांदी आहेच. हा जोड कशाचा आहे?"

"मला काय ठावं? चांदीला चांदीच लावणार की. माझा लेक गलाई करतो, शालनबाई. त्यो का कथील लावील व्हय?"

आता माझी भीती सांगते. पूर्वी दागिन्यांचे सांधे जोडायला कॅडमियम वापरायचे. केडीएमचे दागिने तुम्ही ऐकले असतील, ते तेच. झटकन वितळतं, सांधा सुबक बसतो. पण ते विष आहे. त्याच्या धुरानं कारागिरांच्या छात्या गेल्या, म्हणून जाणत्या लोकांनी ते सोडलं. नुसत्या डोळ्यांनी ते ओळखता येत नाही. मलाही ओळखता आलं नाही. ते असेल किंवा नसेल, शिसं असेल किंवा साधं पितळ असेल. मला एवढंच दिसत होतं की काहीतरी निराळं आहे, आणि उद्यापासून त्यावरून दूध वाहून त्या एवढ्याशा पोरीच्या पोटात जाणार आहे, दिवसातून दहा वेळा.

मी बोंडलं फडक्यात गुंडाळलं आणि तिच्या हातात दिलं. "ब्रश मी देणार नाही, आक्का. दत्ताला आधी विचारा, जोड कशाचा आहे. तोवर वाटी-चमच्यानं पाजा."

"म्हंजी माझ्या लेकाची चांदी खोटी?"

"चांदी खरी आहे. पण सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात मारून घेत नाही."

हे बोलायला नको होतं. म्हण खरी होती, पण वेळ चुकली. माझ्या जिभेला हाड नाही, असं आमचे हे म्हणायचे ते उगीच नव्हे. हौसाक्का ताडकन उठली. दुकानाच्या पायरीवर उभी राहून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाली, "स्टीलवाल्यांना चांदी बघवत न्हाई." आणि गेली.

आमचे हे काउंटरपलीकडून बघत होते. "शालन, या गावात गलाईवाल्याच्या चांदीत खोट काढलीस. तुझं चुकलं असलं तर उद्यापासून आपण दोघं स्टुलावर बसून माश्या मारू."

"आणि चुकलं नसलं तर?"

त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढून माझ्यापुढं ठेवली. आमच्या संसारात ते माझ्यावर प्रेम असंच दाखवायचे.

मी दवाखान्यात गेले, सिस्टरांना गाठलं. बदकाची बाटली काउंटरवर ठेवणाऱ्या त्याच. इतक्या वर्षांत आमची मैत्री झाली होती. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "जोडाचं तुम्ही बघा. मला त्या चोचीचीच धास्ती आहे. बाळ इतकं अशक्त असताना चोचीतनं दूध घशात ओतलं तर ठसकेल. वजन बघायला मला तसंही जायचंच आहे. चला."

हौसाक्काच्या घरी आमचं स्वागत झालं असं म्हणता येणार नाही. ती चुलीपाशी पाठ करून बसली. अश्विनी आतल्या खोलीत होती, डोळे सुजलेले. पोरगी तिच्या मांडीवर. मी आयुष्यात पुष्कळ बाळं बघितली, पण एवढं इवलं बघितलं नव्हतं. मूठ माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. सिस्टरांनी झोळीच्या काट्यावर वजन केलं आणि आकडा दोनदा वाचला. घरी आल्यापासून वजन कमी झालं नव्हतं, पण वाढलंही नव्हतं.

"म्हणून तर बोंडल्याची वाट बघत होतो," अश्विनी म्हणाली. "काकी, चमच्यानं निम्मं सांडतंय. मी दूध काढते आणि ते दुपट्यावर जातंय. मला रडू येतंय नुसतं."

मी म्हटलं, "दत्ताला फोन लाव. व्हिडिओवर."

तिनं लावला. पलीकडं भट्टीपाशी दत्ता उभा, घामानं निथळलेला, हसतमुख. "काय म्हणतीया आमची भाची? बोंडलं मिळालं न्हवं?"

हौसाक्का चुलीपासून ओरडली, "ह्या बाई तुझी चांदी खोटी म्हणत्यात."

दत्ताचं हसू गेलं. "कोण? काकी? आवं काकी, अक्खं गाव आमच्याकडनं चांदी तपासून घेतं. तुमी भांडीवाल्या. तुमाला चांदीतलं काय कळतं?"

"चांदीतलं काही कळत नाही," मी म्हटलं. "तुझ्या चांदीवर माझा काडीचा संशय नाही. मला फक्त सांधा दाखवायचाय." आणि अश्विनीजवळ ठेवलेलं बोंडलं उजेडात धरून मी त्याची चोच कॅमेऱ्यापुढं नेली. "डाग कशाचा दिलास, बाळा?"

तो बघत राहिला. मला वाटलं फोन अडकला. पण त्याच्यामागं भट्टीचा जाळ हलत होता.

मी वाट बघत होते. माझं दुकान, माझी अब्रू, सगळं त्या एका माणसाच्या तोंडात होतं. त्यानं नुसतं "चांदीचाच दिलाय" म्हटलं असतं तरी मला उठून यावं लागलं असतं. तपासायला कोण होतं तिथं? अख्खं गाव चांदी तपासायला त्यांच्याकडंच जायचं.

दत्तानं कपाळावर हात मारला. "आये," तो म्हणाला, "ते बाजूला ठिव."

"का रं?"

"ठिव म्हणतोय न्हवं. त्यातनं काय पाजलं न्हाईस न्हवं अजून?"

"उद्या पाजणार हुतो."

"न्हाई पाजायचं." त्याचा आवाज फाटला. "आये, केडीएम लावलंय मी. ड्रॉवरमधी जुनी कांडी पडली हुती. आमी ती आता वापरत न्हाई, लय वर्सं झाली. पण पोरगी अचानक झाली, गावचा माणूस सांजच्याला निघणार हुता. चांदी मी तीनदा तपासली, आये. तीनदा. सांध्याचं डोक्यातच आलं न्हाई."

अश्विनीनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. ज्या माणसाचा सगळा धंदा शुद्धतेच्या शब्दावर चालतो, त्यानं आई, बहीण, आणि आम्हां दोन परक्या बायांसमोर आपली चूक स्वतःच्या तोंडानं सांगितली. मी आजवर खूप मोठी माणसं स्टुलावर बसवली. त्या दिवशीच्या दत्ताएवढा मोठा कुणी बघितला नाही.

हौसाक्का उठली. बोंडलं फडक्यात बांधून फडताळाच्या वरच्या फळीवर, पोरांचा हात पोचणार नाही तिथं ठेवलं. मग माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "सांगा, चमच्यानं कसं पाजायचं."

मी पिशवीतून उकळून आणलेली वाटी काढली, अगदी लहान, कडा गोल वळवलेली. चमचा तसाच, बसका. सिस्टरांनी शिकवलं. बाळाला आडवं निजवायचं नाही, उभं धरायचं. दूध तोंडात ओतायचं नाही, नुसतं खालच्या ओठाला टेकवायचं. बाळ स्वतःहून जीभ बाहेर काढतं. तिनं गिळलं की पुढचा. घाई करायची नाही.

अश्विनीनं पोरीला उभं धरलं. हौसाक्कानं चमचा घेतला. जन्मभर शेतात खुरपं धरलेला हात, बोटांना भेगा. पण त्या हातात चमचा असा स्थिर राहिला की मी बघतच राहिले. तिनं चमचा ओठाला टेकवला आणि थांबली. पोरीनं जीभ काढली. इवलीशी, गुलाबी. चाटलं. गिळलं. हौसाक्का हलली नाही. पुन्हा जीभ आली.

"घेतीया," ती पुटपुटली. "माझी बाय घेतीया."

दुपट्यावर थेंब सांडला नाही. सिस्टर तोंड फिरवून वजनाचा काटा पुसत बसल्या. तो आधीच स्वच्छ होता.

त्यानंतर सिस्टर एक दिवसाआड जायच्या आणि येता येता दुकानात डोकावायच्या. पहिल्या खेपेला वजन आहे तिथंच. मला रात्र जड गेली. दुसऱ्या खेपेला त्यांनी बाहेरूनच हाताची चिमूट दाखवली, एवढंसं वाढलं म्हणून. तिसऱ्या खेपेला पंजा दाखवला. आमच्या ह्यांनी गल्ल्यातले पैसे मोजायचे सोडून गिऱ्हाइकांना पेढे वाटले. गिऱ्हाइकांना काही कळलं नाही, त्यांनी खाल्ले.

मधे एक दिवस दत्ता भट्टी बंद करून गावी आला. घरी जायच्या आधी बसस्टँडवरून थेट माझ्या दुकानात. मी काही बोलायच्या आत त्यानं स्वतःच स्टूल ओढलं आणि बसला. फडक्यातून एक वाटी आणि चमचा काढला. एका पत्र्यातून ठोकून काढलेली वाटी, चमचाही एकाच तुकड्याचा. तिथल्या जुन्या कारागिराजवळ बसून शिकला होता. जरा वेडीवाकडी होती.

"बघा काकी," तो म्हणाला. "सांधाच न्हाई. आता काय खोट काढता ते काढा."

मी बोट आतून फिरवलं, कडेवरून फिरवलं. कुठंही अडलं नाही. माझे वडील असते तर त्यांनी त्या पोराला मिठी मारली असती. मी फक्त म्हटलं, "उकळून घे आधी." आणि आत जाऊन डोळे पुसले.

बारशाला मला आणि सिस्टरांना मानानं बोलावणं होतं. बायकांच्या गर्दीत हौसाक्कानं मला पाट दिला, ओटी भरली, आणि मोठ्यानं सांगितलं, "ह्या बाईला मी बाजारात नावं ठिवली. सगळ्यांनी ऐकली. आता हे बी ऐका." आणि तिनं डागापासून चमच्यापर्यंत सगळं सांगितलं. पायरीवरून बोलली होती त्याच्या दुप्पट मोठ्यानं. दत्तानं जुन्या बोंडल्याची चोच कातरीनं सांध्यासकट कापून वेगळी ठेवली होती. तो ती सगळ्या गलाईवाल्या पाहुण्यांना दाखवत फिरत होता. "बघा, चांदी तपासताय, सांधा बी तपासत जावा." पुढं कित्येक मामा बोंडली आणि वाट्या घेऊन माझ्याकडं दाखवायला यायला लागले. चांदी न विकणारी मी, विट्यात चांदीचे सांधे बघणारी बाई झाले. आमचे हे म्हणाले, "चावडीची कचेरी झाली." शेवटपर्यंत ते हे अभिमानानं सांगायचे.

परवा श्रावणात, नागपंचमीच्या सुमाराला मी दुकानात बसले होते. हौसाक्का आली, बरोबर नात. पोरगी सात वर्षांची, गालांना भोकराएवढ्या खळ्या, बापाच्या गावाहून आजोळी आलेली. अश्विनीला आता दुसरं बाळ, मुलगा झाला आहे. त्याच्यासाठी तीच मामाची वाटी काढली आहे, पण चमचा घासून घासून पातळ झाला, नवा हवा होता. सून चमचे दाखवत होती, हौसाक्का एकेकावरून बोट फिरवत होती. "ह्याची कड बोचतीया. ह्यो नगं." मी शिकवायचं काही उरलं नव्हतं.

तेवढ्यात पोरगी माझ्या स्टुलावर चढली. वरच्या फळीवरचं काहीतरी बघायचं होतं तिला. टाचा उंचावल्या, पुरेना, म्हणून तिनं चांगली दाणकन उडी मारली. काडकन आवाज झाला. वाईच्या सागवानाचा पाय मोडला. पहिलवान बसले, ठेकेदार बसले, जावयावर रुसलेले सासरे बसले, तेव्हा तो पाय हललासुद्धा नव्हता.

पोरगी फरशीवर बसली होती, लागलं काही नव्हतं. माझ्याकडं घाबरून बघत होती. हौसाक्का ओरडली, "आगं भवाने, काकीचं स्टूल मोडलंस."

"ओरडू नका हो आक्का," मी म्हटलं. पोरीला उचलून घ्यायला गेले, तर माझ्यानं उचलवेना. कंबरेत कळ आली. एके काळी एका ओंजळीत मावत होती ही. मी तशीच तिच्याशेजारी फरशीवर बसले, मोडलेला पाय हातात घेऊन, आणि मला हसू आवरेना.